एक गाडी धर, एक डबा धर: डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणाऱ्या नव्या मुलीला

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरहून आलेली २४ वर्षांची मुलगी आहे. फोर्टमध्ये नोकरी लागली म्हणून डोंबिवलीत मैत्रिणीबरोबर खोली घेतली. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढताच येत नाही, कसंबसं चढलं तर ठाण्याला उतरणाऱ्यांच्या लोंढ्याबरोबर तीही खाली ढकलली जाते. ऑफिसात पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. तिने विचारलंय, "फर्स्ट क्लासचा पास काढू का? की खोलीच बदलू? तुम्ही सगळ्या हे वर्षानुवर्षं कसं करता?"

मी सगळी नोकरी डोंबिवली ते सीएसएमटी, म्हणजे फोर्टजवळचं शेवटचं स्टेशन, अशी लेडीज सेकंड क्लासने केली. वयाने तुझ्या मावशीसारखी असेन, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

खोली बदलू नकोस आणि फर्स्ट क्लासचा पासही इतक्यात काढू नकोस. त्याआधी एक गाडी ठरव आणि त्या गाडीचा एकच डबा ठरव. पुढचे दोन महिने तीच गाडी, तोच डबा, प्लॅटफॉर्मवर उभं राहायची जागाही तीच. रोज मिळेल ती गाडी पकडणाऱ्या बाईला वर्षभरानंतरही लोकल समजत नाही, कारण तिच्यासाठी रोजची गर्दी नवी असते. ठरलेल्या गाडीतली गर्दी ओळखीची होते. कोण ठाण्याला उतरतं, कोण घाटकोपरला, दार कुठल्या खांबासमोर येतं, कुणाच्या मागे उभं राहिलं की आत जाता येतं, हे सगळं पंधरा-वीस दिवसांत कळायला लागतं.

आता गाडी कुठली? तू फास्टच्या मागे लागली आहेस. डोंबिवली ते सीएसएमटी अंतर ४८ किलोमीटरच्या आसपास, फास्टने साधारण एक तास पाच-दहा मिनिटं. स्लोला पंधरा-वीस मिनिटं जास्त. पण सकाळी डोंबिवलीला येणारी फास्ट बदलापूर, अंबरनाथ, कल्याणहून भरून आलेली असते. दारात आधीच तीन रांगा उभ्या असतात आणि गाडी थांबते जेमतेम अर्धा मिनिट. तिथे नव्या मुलीला शिरता येत नाही यात तिचा काही दोष नाही. त्यामुळे हे पहिले दोन महिने तू डोंबिवलीहून सुटणारी लोकल धर. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर पाहून, बायकांना विचारून तुझ्या वेळेला कुठली डोंबिवली लोकल आहे ते शोध. स्लो असली तरी चालेल. वीस मिनिटं लवकर उठावं लागेल, पण उभी राहिलीस तरी आत नीट उभी राहशील, आणि बरेचदा बसायलाही मिळेल. बसून केलेले दीड तास उभ्याने केलेल्या एका तासापेक्षा अंगाला कितीतरी कमी लागतात.

गाडी रिकामी सुटते असं मात्र समजू नकोस. ती मुंबईकडूनच आलेली असते आणि ठाण्याहून, दिव्याहून, कोपरहून काही जणी उलट्या बसून आलेल्या असतात. तशाच डोंबिवलीच्या काही जणी आधी कल्याणला जातात आणि तिथून बसून परत येतात. तुला तसं करायचं असेल तर पास कल्याण ते सीएसएमटीच काढ. डोंबिवलीपासूनच्या पासवर कल्याणला जाणं म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि टीसी दंड करतो तेव्हा "रोज सगळ्याच करतात" हे ऐकून घेत नाही. कल्याणच्या बायका चिडतात तेही ध्यानात ठेव. त्यांच्या स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीत त्यांनाच बसायला मिळत नाही, तर त्यांनी चिडू नये असं मी तरी म्हणणार नाही.

इंडिकेटर वाचायला शीक. के म्हणजे कल्याण आणि टी म्हणजे ठाणे एवढं सगळ्यांना कळतं, पण एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. नव्या मुली एस बघून स्लो समजतात. स्लोचा एस आणि फास्टचा एफ वेगळ्या जागी दिसतो. तिथेच गाडी १२ डब्यांची की १५ डब्यांची तेही असतं. ते बघितल्याशिवाय ठरलेल्या जागी उभी राहू नकोस, कारण १५ डब्यांच्या गाडीत डब्यांच्या जागा सरकतात.

डबा निवडताना बहुतेक जणी जिन्याजवळचा निवडतात, आणि म्हणूनच तो सगळ्यात भरलेला असतो. लेडीज डबे गाडीत तीन ठिकाणी असतात, पुढे, मध्ये आणि मागे. सीएसएमटीला बाहेर पडायचा मुख्य रस्ता पुढच्या टोकाला, त्यामुळे फोर्टवाल्या सगळ्या पुढच्या डब्याकडे धावतात. तू कल्याणकडच्या टोकाचा, म्हणजे मागचा डबा धरून बघ. सीएसएमटीला पूर्ण प्लॅटफॉर्म चालावा लागेल. १२ डब्यांची गाडी अडीचशे मीटरच्या आसपास असते, म्हणजे तीन-चार मिनिटांचं चालणं. सबंध प्रवासात श्वास घ्यायला जागा मिळाली तर ती तीन मिनिटं काहीच नाहीत. डब्यावर काय लिहिलंय तेही वाच. काही डबे चोवीस तास महिलांसाठी असतात, काही फक्त ठरावीक वेळेत.

आता ठाण्याला खाली ढकलली जातेस त्याबद्दल. हे का होतं माहितेय? तू दारात उभी राहतेस. उतरायला मिळणार नाही या भीतीने प्रत्येक नवी मुलगी दाराजवळ थांबते. पण तुला उतरायचंय सीएसएमटीला, शेवटच्या स्टेशनात, जिथे सगळा डबाच रिकामा होतो. तुला दाराची गरजच नाही! चढल्या चढल्या दारातली मोकळी जागा सोडून आत, सीटांच्या मधल्या पट्टीत जायचं. "आत जाऊ दे ग, मला लास्ट आहे" एवढं म्हणायचं. लास्ट म्हटलं की दारातल्या बायका स्वतः अंग चोरून वाट देतात, कारण तू आत गेलीस की त्यांचीच सोय होते. दारात ज्या उभ्या असतात त्यांची रांग स्टेशनांच्या क्रमाने लागलेली असते. ठाण्याच्या पुढे, त्यांच्या मागे घाटकोपरच्या, मग कुर्ला, दादर. दादरवाली ठाण्याच्या रांगेत घुसली की भांडण ठरलेलं. ही शिस्त कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ती पाळली म्हणूनच एवढ्या बायका अर्ध्या मिनिटात चढू-उतरू शकतात.

आत गेलीस की समोरासमोरच्या दोन सीटांच्या मध्ये, बसलेल्यांच्या गुडघ्यांमध्ये उभी राहा. तिथे गाडीचे धक्के कमी लागतात, वर पकडायला कडी असते आणि बसायला मिळायची शक्यता तिथेच. तीन जणींच्या सीटवर चौथी टोकाला अर्धी बसते, तेवढंही मिळालं तरी पाय मोकळे होतात. विचारायचं: "कुठे उतरणार?" खिडकीतली म्हणेल, "दादर, पण दिलीये." म्हणजे तिने तिची जागा आधीच कुणाला तरी कबूल केली. मधली डोळे न उघडता म्हणेल, "लास्ट." तिसरी म्हणेल, "घाटकोपर." लगेच म्हणायचं, "मग मला द्या हं." ती मान हलवेल आणि आता ती जागा तुझी. मागून कितीही मोठी बाई आली तरी घाटकोपरला ती उठताना तुझ्याकडेच बघेल.

कुठलं स्टेशन मागायचं यालाही हिशेब आहे. ठाण्याला ऐरोली, घणसोलीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या बायका उतरतात. घाटकोपरला २०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हापासून अंधेरीकडच्या ऑफिसांतल्या मुली तिथे उतरतात, आधी त्या सगळ्या दादरपर्यंत यायच्या. म्हणून सीट मागायची ती ठाणे आणि घाटकोपरवालीकडे. दादरची सीट तुझ्या काय कामाची? दादरनंतर डबा तसाही रिकामा होतो.

संध्याकाळचं गणित उलटं. चढणं सोपं, कारण गाडी सीएसएमटीहूनच सुटते, पण उतरायचं मधल्या स्टेशनात. कर्जत, कसारा, खोपोलीची गाडी डोंबिवलीला थांबत असली तरी ती सोड. त्या बायकांना अर्धा-अर्धा तास दुसरी गाडी नसते, त्यांचा प्रवास दोन-दोन तासांचा असतो. आपल्याला डोंबिवली आहे, कल्याण आहे. त्यांच्या गाडीत आपण चढलो की त्यांना जागा मिळत नाही आणि आपल्याला उतरायला वाट मिळत नाही. यावर भांडणं होतात तेव्हा मी कर्जतवालीच्या बाजूने असते.

ठाणं सुटलं की उठायचं. बसून राहून "अजून वेळ आहे" म्हणू नकोस. काही फास्ट गाड्या दिव्यालाही थांबतात, तिथे चढणाऱ्या आत घुसायच्या आधी तू दाराच्या रांगेत असायला हवीस. समोरचीला विचारायचं, "डोंबिवली?" हो म्हणाली तर तिच्या पाठीला पाठ लावून नाही, तिच्या मागे तोंड दाराकडे करून उभी राहा. नाही म्हणाली तर "मग मला पुढे येऊ दे." प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो ते आधीच विचारून ठेव. आणि गाडी थांबल्यावरच उतर. चालत्या गाडीतून उतरणाऱ्या अनुभवी बायका तुला दिसतील, सीएसएमटीला सीटसाठी चालत्या गाडीत उडी मारणाऱ्याही दिसतील. त्यांचं बघून करू नकोस. प्लॅटफॉर्म आणि गाडी यांच्या फटीत पाय गेला की सुधारायला दुसरी संधी नसते.

इथे मला जरा थांबायचंय, कारण बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकू नये. दारात लटकायचं नाही. गाडी भरलेली असेल, लेटमार्क लागणार असेल, बॉस ओरडणार असेल, तरी नाही. डोंबिवली सुटल्यावर कोपर, दिवा आणि पुढे मुंब्र्यापर्यंतचा पट्टा मला कायम धास्तीचा वाटत आला. गाडी वेग घेते, आतल्या बायका अजून स्थिरावलेल्या नसतात, आणि आतून आलेला एक धक्का दारातल्या मुलीपर्यंत पोचतो तेव्हा तिच्या हातात दांड्याचा जेमतेम कडेचा भाग असतो. याच पट्ट्यात पडून गेलेल्यांत डोंबिवलीच्या तरुण मुलीही आहेत. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं खाली पडली आणि त्यात जीव गेले. ती ऑफिसलाच निघालेली माणसं होती. त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं देण्याची घोषणा झाली. ती दारं तुझ्या गाडीला येतील तेव्हा येतील, आज तुझी गाडी उघड्या दारांची आहे. पाय पूर्ण आत आणि शरीराचं वजन आत, असं उभं राहता येत नसेल तर ती गाडी आपली नाही. पुढची पाच-सात मिनिटांत येते.

ऑफिसात पहिल्याच महिन्यात बोलून घे. अर्धा तास लवकर येऊन अर्धा तास लवकर निघू का, असं सरळ विचार. मध्य रेल्वेनेच २०२३ मध्ये मुंबईतल्या अनेक कार्यालयांना वेळा मागे-पुढे करण्याची विनंती केली होती, म्हणजे तू काही जगावेगळं मागत नाहीस. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, हे रेल्वेचंच मोजमाप आहे. आठ वाजून दहा मिनिटं आणि सात वाजून चाळीस मिनिटं यांत जो फरक आहे तो कुठल्याही पासाने विकत मिळत नाही.

फर्स्ट क्लासचं म्हणशील, तर सकाळी तिथेही उभंच राहावं लागतं. लेडीज फर्स्टचा भाग लहान असतो, आणि पासाचे पैसे सेकंडच्या कित्येक पट. एसी लोकल चांगली आहे, दारं बंद असतात, उन्हाळ्यात अंगाला घाम नाही. पण तिच्या फेऱ्या मोजक्या. तुझ्या जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही वेळांना एसी असेल तरच तिचा पास परवडतो. पगार वाढला की बघ.

अंगावर काय घालायचं हेही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. केस बांधलेले हवेत. मोकळे केस दुसरीच्या सॅकच्या चेनमध्ये अडकतात आणि ती ठाण्याला उतरायला निघाली की तुझं डोकं तिच्याबरोबर निघतं. ओढणी गळ्यात लोंबती ठेवू नकोस, पिन लाव किंवा बॅगेत टाक. चपलेला मागून पट्टा हवा. गळ्यात सोन्याचं काही असेल तर कपड्याच्या आत. सॅक पाठीवर नाही, पोटावर, आणि आत गेलीस की वरच्या रॅकवर. वर ठेवायला खिडकीतली बाई मदत करते, फक्त हात वर करून बॅग पुढे करायची. दाराजवळ फोन काढू नकोस. चोर रुळांलगतच्या खांबाआड उभं राहून दारातल्या माणसांच्या हातावर काठीचा फटका मारतात, फोन खाली पडतो आणि तो धरायला गेलेलं माणूसही.

आणि पाणी. लोकलमध्ये टॉयलेट नसतं, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वर्षभरात लघवीचा त्रास सुरू होतो आणि मग औषधं. निघण्याच्या तासभर आधी भरपूर पाणी पी, निघताना जाऊन ये, ऑफिसात पोचलीस की पुन्हा पी. उपाशी निघू नकोस. डब्यात चक्कर येऊन पडणाऱ्या बहुतेक मुली नाश्ता न करता धावलेल्या असतात. पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू किंवा खडीसाखर ठेव. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाजू नकोस, मोठ्याने म्हण, "मला चक्कर येतेय." ज्या बाईने पाच मिनिटांपूर्वी तुला कोपर मारलं असेल तीच उठून खिडकी देईल, दुसरी पाणी देईल, तिसरी पदराने वारा घालील. हे मी इतक्यांदा पाहिलंय की याची खात्री देते. पुढे कधी दिवस गेले तर दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला प्रवास करता येतो, हे मैत्रिणींनाही सांगून ठेव.

कुणी त्रास दिला, रात्री डब्यात कुणी पुरुष चढला, तर १३९ रेल्वेचा आणि १५१२ रेल्वे पोलिसांचा नंबर. दोन्ही फोनमध्ये ठेव. रात्री उशीर झाला तर पोलीस ज्या लेडीज डब्यात असतो त्यात बस, रिकाम्या डब्यात एकटी बसू नकोस. सीट चांगली असली तरी नाही.

एकाच डब्याने जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा मात्र सीट नाही, ग्रुप आहे. महिनाभर तीच तोंडं दिसली की कुणीतरी विचारेल, "नवीन का ग? कुठे ऑफिस?" तिथून सुरुवात होते. मग तुझ्यासाठी वरचा दांडा धरून ठेवला जातो, भाजी निवडताना मटारची पिशवी तुझ्या मांडीवर येते, दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डब्याला तोरण लावायला तुझ्याकडून वर्गणी घेतली जाते. एखाद्या दिवशी तू दिसली नाहीस तर फोन येतो. आमच्या डब्यात एकीला मुलाच्या शाळेची फी भरायला पैसे कमी पडत होते, ते घाटकोपर ते दादर एवढ्या वेळात गोळा झाले, आणि तिने ते परतही केले. नव्या शहरात एकट्या राहणाऱ्या मुलीला असा आधार दुसरीकडे इतक्या लवकर मिळत नाही. फक्त ग्रुपच्या जोरावर बाहेरच्या बाईची सीट अडवू नकोस. रुमाल टाकून, पर्स ठेवून जागा धरणाऱ्या ग्रुपमुळे एकट्या बायकांचे हाल होतात. तसा ग्रुप असेल तर डबा बदल.

पावसाळ्याचं वेगळं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आला की सायन, कुर्ला, माटुंगा इकडे रुळांवर पाणी चढतं आणि गाड्या उभ्या राहतात. अशा दिवशी ऑफिसातून लवकर निघायला मिळालं तर लगेच निघ, आणि गाड्या बंद झाल्यावर कळलं तर ऑफिसातच थांब. गाडी मध्येच थांबली तर रुळांवर उतरून चालायला लागू नकोस. शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते आणि पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. जून ते सप्टेंबर बॅगेत एक कोरडा सलवार-कुडता, फोनचा चार्जर आणि बिस्किटांचा पुडा असू दे. सीएसएमटीच्या आसपास कुणी ओळखीचं राहत असेल तर त्यांना आताच सांगून ठेव की अडले तर येईन.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात. गावाला जाणारी गाडी पकडायची असेल किंवा रविवारी ड्युटी असेल तर शनिवारीच वेळापत्रक बघ. दादरला कोल्हापूरची गाडी पकडताना प्लॅटफॉर्मच्या नंबरात गोंधळू नकोस. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मना ८ पासून पुढचे नंबर आहेत. जुन्या बायका अजून जुनेच नंबर सांगतात.

पास तीन महिन्यांचा काढ, एक-एक महिन्याच्या तीन पासांपेक्षा स्वस्त पडतो, आणि मुदत संपायच्या दहा दिवस आधीपासून नवा काढता येतो. पण पहिला महिना एकाच महिन्याचा काढ. गाडी आणि डबा पक्का होऊ दे, कल्याणहून बसून यायचं की नाही ते ठरू दे, मग तीन महिन्यांचा.